एक चावा, दोन वह्या: कोकणातल्या रेबीज प्रतिबंध शिबिरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमबीबीएस शिकणारी आणि पशुवैद्यक शिकणारी मुलं मिळून किनाऱ्यावरच्या वाड्यांमध्ये कुत्र्यांना रेबीजची लस टोचतात आणि घरोघर फिरून चाव्यांची चौकशी करतात. मी पशुवैद्यक. या गटाबरोबर सुरुवातीपासून आहे. पडवीत, जेट्टीवर, एसटीच्या थांब्यावर लोक आम्हाला जे विचारतात तेच इथे लिहून काढलंय. काही प्रश्न गावकऱ्यांचे आहेत, काही नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांचे.

कुत्रा आत्ताच चावला असेल तर हे वाचत बसू नका. नळाखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा आणि थेट आरोग्य केंद्र गाठा.

माणसांचे डॉक्टर वेगळे, जनावरांचे वेगळे. दोघांनी एकत्र यायचं कारण काय?

चावा एकच असतो, पण त्याची नोंद दोन वह्यांत होते, आणि त्या दोन वह्यांची एकमेकींशी गाठच पडत नाही. आरोग्य केंद्राच्या वहीत माणसाचं नाव, वय, जखम कुठे, डोस कितवा, सगळं असतं. जनावराच्या रकान्यात मात्र ‘कुत्रा’ एवढाच एक शब्द. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या वहीत जनावराची लक्षणं असतात, मालकाचं नाव असतं. त्या जनावराच्या तोंडात कुणाकुणाचा हात गेला, याला रकानाच नसतो.

हे मला कळलं ते स्वतःच्या चुकीतून. मी तेव्हा इंटर्न होतो. मे महिना, आंब्याचे दिवस. एका गोठ्यात गाय दोन दिवस खात नव्हती, तोंडातून लाळेची तार लोंबत होती, हंबरायची तर आवाज घोगरा. घरधन्याचा अंदाज, घशात आंब्याचा बाठा अडकला असणार. त्याने कोपरापर्यंत हात घालून पाहिला. मग त्याच्या भावाने पाहिला. मग शेजारचे एक जाणते गृहस्थ आले, त्यांनीही. मी बाह्या सरसावून पुढे झालो तेवढ्यात वरिष्ठांनी माझं मनगट धरलं. ते गाईच्या लोंबत्या जबड्याकडे बघत होते. “बाठा नाही हा. हात घालू नकोस.” तिसऱ्या दिवशी गाय गेली. आम्ही वहीत ‘रेबीज संशयित’ लिहिलं आणि पुढच्या गावाला निघालो.

चौथ्या दिवशी चहाच्या टपरीवर एमबीबीएसचा एक इंटर्न मित्र भेटला, त्याला सहज म्हणून हे सांगितलं. “त्या माणसांचं काय केलंत?” त्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो चहा तसाच टाकून उठला. त्याच दुपारी त्या तिघांना, आणि गाईची लाळ पुसणाऱ्या घरातल्या वहिनींनाही, लस सुरू झाली. वहिनींच्या हातावर काट्याचे ओरखडे होते. चौघंही आज धडधाकट आहेत. पण चार दिवस ती माणसं कुणाच्याच वहीत नव्हती, हे मी विसरलेलो नाही. आमचं एकत्र काम त्या टपरीवर सुरू झालं.

खरं तर या रोगाची लस जन्मली तीही अशा एकत्र कामातून. फ्रान्समधल्या ल्योंच्या पशुवैद्यक शाळेतले प्राध्यापक गाल्तिए यांनी १८७९ साली रेबीज सशांमध्ये कसा संक्रमित होतो ते दाखवलं. त्या वाटेने पुढे गेलेले लुई पाश्चर हे रसायनशास्त्रज्ञ, म्हणून जुलै १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर या मुलाला लस टोचली ती डॉक्टरांनी. पाश्चर यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, आता जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात.

आपल्याकडे एमबीबीएस आणि पशुवैद्यक हे दोन्ही अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचे. दोघंही रेबीज शिकतात, आणि दोघांनाही अर्धाच शिकायला मिळतो. परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे, केईएम हे वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय १९२६ पासून. एकातून निघून दुसऱ्यात चालत जाता येतं. एवढं जवळ असूनही दोन्हीकडच्या मुलांची ओळख बहुतेक वेळा होते ती आमच्या शिबिराच्या गाडीत.

रेबीज होतो कसा?

विषाणू आजारी जनावराच्या लाळेत असतो. चाव्यातून तो मांसात शिरतो आणि तिथून मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे चढतो. रक्तातून जात नाही, म्हणूनच त्याला वेळ लागतो: बहुधा १ ते ३ महिने, कधी आठवड्याहून कमी, तर कधी वर्षाच्याही वर. चेहऱ्यावर, मानेवर, बोटांवर चावा असेल तर धोका जास्त, कारण तिथे मज्जातंतूंचं जाळं दाट असतं आणि चेहऱ्यावरून मेंदूही जवळ. मुलांची उंची कुत्र्याच्या तोंडाइतकी असल्यामुळे त्यांना चावा वरच बसतो. जगात रेबीजने मरणाऱ्या दर १० जणांत ४ जण १५ वर्षांखालची मुलं असतात.

विषाणू मेंदूत पोचायला लागणारा हा जो वेळ, तोच आपल्या हातात असतो. लस आणि जखम धुणं, दोन्ही त्या वेळातच कामाला येतात.

कुत्रा चावल्याबरोबर घरी काय करायचं?

वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवायची, पूर्ण १५ मिनिटं. अंगाचा साबण, कपड्याचा साबण, जो हाताशी असेल तो. विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, साबणाने ते फुटतं. नंतर असेल तर पोविडोन आयोडीन हे जंतुनाशक लावायचं. पट्टी घट्ट बांधायची नाही.

ही १५ मिनिटं फार लांबतात. मुलं दोन मिनिटांत म्हणतात, झालं. आम्ही सांगतो, गणपतीत ओळीने पाच-सहा आरत्या म्हणून होतात ना, तेवढा वेळ. ते लगेच कळतं.

एका वाडीत आम्ही लसीकरणाला गेलो होतो, तिथे एका आजींच्या पोटरीला सकाळीच कुत्र्याने धरलं होतं. आजी पडवीत पाय लांब करून बसलेल्या. जखमेवर चुना, चुन्यावर हळद, वर फडक्याची गाठ. आमच्यातल्या एमबीबीएसच्या मुलीने ते फडकं पाण्याने भिजवून सावकाश सोडवलं, पाय मोरीत घेतला आणि बोटांनी चुना काढत धुवायला लागली. चुना निघाला तशी खालची जखम दिसली, दोन दातांची, चांगली खोल. आजींचा नातू घड्याळ लावून शेजारी बसला होता. पशुवैद्यकाचा मुलगा तोवर अंगणात विचारत होता: कुत्रा कुणाचा, कुठून आला, आणखी कुणाला चावला? तोच कुत्रा सकाळी एका दूधवाल्यालाही चावला होता आणि दूधवाला नुसता धनुर्वाताची सुई घेऊन कामाला गेला होता. धुणं संपायच्या आत त्याला फोन गेला.

चुना, तिखट, तंबाखू, तेल, कॉफीची पूड यांतलं काहीही जखमेत भरू नका. त्याने मांस भाजतं आणि विषाणू आतच राहतो.

धनुर्वाताची सुई घेतली. चालेल ना?

नाही. ती धनुर्वाताची, रेबीजची नाही. हा गैरसमज आम्हाला जवळजवळ प्रत्येक वाडीत भेटतो. चाव्यानंतर दोन्ही लागतात. हातात कागद मिळाला की त्यावर रेबीजची लस लिहिली आहे ना, एवढं वाचा; वाचता येत नसेल तर तिथल्या सिस्टरना विचारा.

नुसता ओरखडा आहे, रक्तसुद्धा आलं नाही. तरी जायचं?

जायचं. डॉक्टर चाव्याचे तीन वर्ग करतात. अखंड कातडीला नुसतं चाटलं किंवा तुम्ही कुत्र्याला हात लावला, तर पहिला वर्ग, त्याला उपचार लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला किंवा उघड्या कातडीला दात घासले, तर दुसरा, त्याला लस लागते. रक्त आलं, दात आत गेला, उघड्या जखमेला चाटलं, डोळ्यात-तोंडात लाळ गेली, तर तिसरा. तिथे लसीबरोबर आणखी एक औषध लागतं, ते पुढे सांगतो. वर्ग कोणता ते घरी ठरवायचं नाही. ‘रक्त नाही आलं’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांच्या पायावर कापूस फिरवला की तो लाल होतो.

पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात का?

नाही, ती गोष्ट संपली. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडावर टोचतात, लहान मुलांना मांडीवर. सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत थोडी थोडी, दोन्ही दंडांवर, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ असे पाच दिवस. शून्यावा दिवस म्हणजे पहिल्या सुईचा दिवस, चाव्याचा नव्हे. कुल्ल्यावर ही लस घ्यायची नाही, तिथे ती नीट लागू पडत नाही.

जुन्या चौदा सुयांच्या भीतीने आजही माणसं घरी थांबतात, म्हणून आमची मुलं प्रत्येक घरात दंडावर बोट ठेवून दाखवतात: इथे, एवढीशी.

डॉक्टरांनी जखमेतच सुया मारल्या आणि टाकेही घातले नाहीत. बरोबर केलं का?

अगदी बरोबर केलं. लस अंगात प्रतिकारशक्ती उभी करते, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर जखमेतल्या विषाणूला तिथल्या तिथे गाठायला तयार प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला निकामी करणारे घटक, लागतात. त्यालाच इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात, हल्ली प्रयोगशाळेत बनवलेली मोनोक्लोनल प्रतिपिंडंही मिळतात. ते वजनावरून मोजतात आणि जखमेत व जखमेभोवती भरतात. दुखतं, खरं आहे. मूल किंचाळतं, आईला बघवत नाही. तरी ते चुकवू नका. पहिल्याच दिवशी मिळालं नाही तर पहिल्या सुईपासून ७ दिवसांच्या आत घेता येतं, नंतर उपयोग नसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नसेल तर ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतात. पाठवलं की त्याच दिवशी जा.

टाके शक्यतो टाळतात, कारण सुई-दोऱ्याने विषाणू आणखी खोल जाऊ शकतो. घालावेच लागले तर हे औषध भरून झाल्यावर, तेही सैल.

लस चालू असताना मासे खाल्ले तर?

खा. कसलंही पथ्य नाही. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ही लस चालते, घ्यायलाच हवी.

तीन सुया झाल्या. चौथीच्या वेळी मुंबईला असेन.

गणपतीत आलेल्या चाकरमान्यांचा हा नेहमीचा प्रश्न, आणि सुया अर्धवट सुटतात त्याही इथेच. कार्ड बरोबर न्या आणि मुंबईत कुठल्याही महापालिका रुग्णालयात उरलेली सुई घ्या. तारीख चुकलीच तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिली तिथून पुढे घ्यायची. चाव्याला महिना उलटून गेला आणि एकही सुई घेतलेली नाही, असं असेल तरी जा. उशीर झाला म्हणून परत पाठवत नाहीत.

२८ व्या दिवसाच्या सुईची आठवण करून देणं हे आमच्या एमबीबीएसच्या मुलांचं ठरलेलं काम. पहिल्या वर्षापासून त्यांना अभ्यासाचा भाग म्हणून काही कुटुंबं दत्तक असतातच, त्यामुळे कुणाचा मुलगा कुठल्या गाडीने परतला हे त्यांना ठाऊक असतं.

कुत्रा आमच्याच घरचा आहे. दहा दिवस वाट बघून मग ठरवलं तर?

लस आधी, वाट नंतर. कुत्रा किंवा मांजर चावलं असेल तर त्या दिवसापासून १० दिवस त्याच्यावर नजर ठेवायची. लाळेत विषाणू असेल तर तेवढ्या दिवसांत ते आजारी दिसतं किंवा मरतं. दहा दिवसांनी धडधाकट असेल तर राहिलेल्या सुयांचं काय करायचं ते डॉक्टर सांगतात. हा नियम कुत्रा आणि मांजर दोघांपुरताच. माकड, कोल्हा, मुंगूस यांना तो लावायचा नाही.

इथे पशुवैद्यकाचं पोर कामाला येतं. ते रोज त्या कुत्र्याला बघून येतं आणि एमबीबीएसच्या जोडीदाराला कळवतं. चावलेल्या कुत्र्याला रागाने मारून पुरू नका, तो जिवंत असला तर खूप काही सांगतो.

कुत्रा पाणी पितोय, म्हणजे पिसाळलेला नाही ना?

यावर विसंबू नका. पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण. पिसाळलेला कुत्रा पाण्यात तोंड घालू शकतो. गिळता येत नाही ही गोष्ट वेगळी. बघायचं ते असं: भुंकण्याचा आवाज बदललाय, जबडा लोंबतोय, लाकूड-दगड-माती चावतोय, ओळखीच्या माणसावर विनाकारण धावून जातोय, दिशाहीन चालत सुटलाय. आणि एक प्रकार मुका असतो: कुत्रा चावत नाही, अंधारात कोपऱ्यात पडून राहतो, मागचे पाय ओढतो. त्याच्या तोंडात प्रेमाने भाकरी घालायला जाणारी माणसं आम्ही पाहिली आहेत.

कोकणात कुत्र्याशिवाय आणखी कोण?

माणसाला रेबीज होतो तो १०० पैकी ९९ वेळा कुत्र्याकडून. पण मासळी बाजारातली मांजरंही कमी नाहीत, त्यांचा ओरखडा कुणी मनावर घेत नाही. काजू-आंब्याच्या बागेत वांदर हाकताना चावा बसतो, कांदळवनाच्या कडेला कोल्हं दिसतं. रानटी जनावराचा कुठलाही चावा थेट तिसऱ्या वर्गात धरायचा. घरातला उंदीर किंवा खार चावली तर रेबीजची लस क्वचितच लागते. तरी जखम धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

पिसाळलेल्या गाईचं दूध प्यायलो. आता?

उकळलेलं दूध प्यायला असाल तर घाबरू नका, उकळल्यावर विषाणू टिकत नाही. कच्चं प्यायलं असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. दुधापेक्षा जास्त काळजी हाताची करा: तिच्या तोंडात कुणाचा हात गेला, कुणी लाळ पुसली, कुणी दावं सोडलं? ती नावं लगेच लिहून काढा. गाय खात नाही, लाळ गळते, घशात काहीतरी अडकल्यासारखं करते, तर हातमोज्याशिवाय कुणीही हात घालायचा नाही, वैद्यानेसुद्धा. १९६२ या क्रमांकावर फोन करून पशुवैद्यकाला बोलवा.

गुराला कुत्रा चावला असेल तर त्याचीही जखम तशीच साबणाने धुवायची. चाव्यानंतर त्यालाही लस देता येते. जितक्या लवकर कळवाल तितकं बरं.

शिबिरात नेमकं काय होतं?

दोघादोघांची जोडी असते, एक इकडचा, एक तिकडचा. एकेकट्याला सोडत नाही. गळ्यात पट्टा असलेले पाळीव कुत्रे घरधनी स्वतः धरून देतो. मोकाट कुत्र्यांसाठी जाळं लागतं, ते टाकणारी माणसं शिकलेली असतात. नवशिक्याच्या हातात आम्ही जाळं देत नाही. पशुवैद्यकाचा विद्यार्थी नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली टोचतो. एमबीबीएसचा विद्यार्थी कुत्र्याच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतो, वहीत लिहितो, आणि तेवढ्यात घरातल्यांना विचारतो: गेल्या वर्षभरात घरात कुणाला चावलं? काय लावलं? सुया किती झाल्या?

हा प्रश्न अंगणात, कुत्रा समोर असताना विचारला की खरं उत्तर मिळतं. दवाखान्यात लोक ‘सगळ्या घेतल्या’ म्हणतात. अंगणात म्हातारी सांगते, “दोन घेतलान, मग भातलावणी आली.”

संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात बसून दोन्ही वह्या एक करायच्या. प्रत्येक चाव्यापुढे जनावर, प्रत्येक संशयित जनावरापुढे माणसं. कुठे रकाना रिकामा राहिला तर दुसऱ्या दिवशी पहिलं काम तेच. माझ्या मते शिबिरातला सगळ्यात मोलाचा तास हाच, आणि कंटाळून टाळला जातो तोही हाच.

७० टक्के कुत्र्यांनाच लस का? सगळ्यांना का नाही?

सगळे कुत्रे कधीच सापडत नाहीत. अनुभव असा की, एका भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर साथ तुटते. वर्षभरात काही लसवाले कुत्रे मरतात, नवी पिल्लं येतात, आकडा घसरत जातो; ७० वरून सुरुवात केली तर पुढच्या शिबिरापर्यंत तो पुरेसा वर राहतो. म्हणून एकदाच दणक्यात करून भागत नाही.

मोजायचं कसं? लसीकरणानंतर एक-दोन दिवसांत पहाटे तीच वाट चालायची. समजा ५० कुत्रे दिसले आणि ३६ जणांच्या पाठीवर रंग आहे. झाले ७२ टक्के. ३० वरच रंग असेल तर साठ झाले, म्हणजे पुन्हा जाळं काढा. या पहाटेच्या फेरीला एमबीबीएसची मुलं हौसेने येतात. लोकसंख्या, नमुना, टक्केवारी हे पुस्तकातलं प्रकरण त्यांना तिथे पाखाडीवर चालताना दिसतं.

पावसात लस टिकते का?

लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. वादळानंतर इथे वीज किती दिवस जाते हे २०२० च्या निसर्गने आणि २०२१ च्या तौक्तेने दाखवलंय. म्हणून आम्ही शिबिर पाऊस ओसरल्यावर घेतो, बर्फाचे पॅक घातलेल्या डब्यातून लागेल तेवढीच लस नेतो, आणि डबा उन्हातल्या गाडीत कधी ठेवत नाही. गोठलेली लसही वाया गेलेली असते, हे नव्या मुलांना मुद्दाम सांगावं लागतं.

जेट्टीवर एवढे कुत्रे असतात, तिथे लस देणं जमतं का?

तिथे वेळ साधावी लागते. होड्या लागल्या, लिलाव सुरू झाला की कुत्रे टोपल्यांच्या अवतीभवती असतात आणि माणसांना उसंत नसते. लिलाव उरकला, मासळी उचलली गेली, की ते पोट भरून सावलीला आडवे होतात. ती आमची वेळ. त्यांना नावाने हाक मारून बोलावणाऱ्या मासे सुकवणाऱ्या मावश्या असतात. त्या मावश्या नसतील तर जाळं घेऊन दिवसभर पळा, हाती काही लागत नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा जेट्टीवर खायला उरत नाही आणि हे कुत्रे वाड्यांकडे सरकतात, असं आम्ही पाहत आलोय. म्हणून जेट्टीवरचं लसीकरण मे संपायच्या आत उरकण्याचा आमचा हट्ट असतो.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा कुत्रे मारून किंवा उचलून का नेत नाही?

मुलाला चावा बसलेल्या बापाने हे विचारलं तर त्याचा राग आम्हाला समजतो. पण कुत्रे मारून रेबीज जात नाही. मारताना लसवालेही जातात, मोकळ्या जागेत शेजारच्या वाडीतले बिनलशीचे येतात, आणि खरकटं तिथेच असल्याने पिलावळ पुन्हा वाढते. श्वान संख्या नियंत्रणाचे २०२३ चे नियम सांगतात, नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा पकडला त्याच भागात सोडायचा. रेबीजचा संशय असलेला मात्र वेगळा ठेवायचा. ही जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे, म्हणून ग्रामपंचायतीला बरोबर घेतल्याशिवाय आम्ही पाऊल टाकत नाही.

आणि उदाहरण लांब शोधायला नको. सिंधुदुर्गाला खेटून असलेल्या गोव्यात मिशन रेबीज ही संस्था आणि सरकार यांनी वर्षानुवर्षं कुत्र्यांचं लसीकरण, शाळांमधून शिकवणं आणि संशयित कुत्र्यांचा माग काढणं एकत्र केलं. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. पलीकडे तोच समुद्र, तेच मासळी बाजार, तेच कुत्रे आहेत.

विद्यार्थ्याने येण्याआधी काय तयारी करायची?

स्वतःला लस. चाव्याआधीची लस ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी घेतात, म्हणजे नाव नोंदवायचं ते महिनाभर आधी. ‘मी नुसतं लिहिणार आहे’ म्हणणाऱ्यालाही सूट नाही. लस घेतलेल्याला पुढे चावा बसला तर दोन सुया, ० आणि ३ व्या दिवशी. इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. आणि पायात बूट.

मी एमबीबीएसची. मला कुत्र्यांची भीती वाटते. येऊ का?

ये. भीती असलेली मुलं कुत्र्याकडे नीट बघतात, म्हणून शिकतात. कान कसे आहेत, शेपूट कुठे आहे, अंग ताठ झालंय का, हे पहिल्या सकाळी तुझा पशुवैद्यक जोडीदार दाखवेल. आणि रडणाऱ्या मुलाच्या आईशी कसं बोलायचं हे त्याला तुझ्याकडून शिकायचं असतं. गाईला धीर देण्यात तो पटाईत असतो, माणसांपुढे त्याची बोबडी वळते.

शाळेत काय शिकवता?

जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लं पाजणाऱ्या कुत्रीच्या वाटेला जायचं नाही. कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं. खाली पडलोच तर मान आणि चेहरा हातांनी झाकून दगडासारखं पडून राहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: चावलं तर घरी सांगायचं. आई ओरडेल म्हणून मुलं लपवतात. हे आम्ही पालकांच्या सभेतही सांगतो, कारण ओरडणं थांबवायचं ते त्यांनी.

देवाला गाऱ्हाणं घातलं, उतारा केला. मग सुई कशाला?

गाऱ्हाणं घाला, आम्हीही हात जोडून उभे राहू. फक्त आधी जखम धुऊन सुई घेऊन या. एका गावात गावकऱ्यांनीच हे उचलून धरलं: चावलेला माणूस देवळात आला की पहिला प्रश्न, “कार्ड दाखव.”

लक्षणं दिसायला लागल्यावर काही करता येतं का?

वाचवता येत नाही म्हटलं तरी चालेल. वाचलेली उदाहरणं जगभरात अगदी थोडी आहेत. त्या माणसाला शांत, अंधुक उजेडाच्या खोलीत ठेवणं, त्याचा त्रास औषधांनी कमी करणं आणि त्याला एकटं न सोडणं, एवढं करता येतं. सेवा करणाऱ्यांनाही लस दिली जाते. हे उत्तर द्यायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून वरची सगळी लिहिली.

आमच्या वाडीत शिबिर हवं असेल तर?

सरपंचांकडून किंवा पोलीस पाटलांकडून पशुधन विकास अधिकारी आणि आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी या दोघांच्या नावे एकच पत्र द्या. दोन वेगळी पत्रं नकोत, एकाच पत्रावर दोघांची नावं. आशाताईंना आधी सांगा. वाडीत साधारण किती कुत्रे आहेत ते एखाद्या पहाटे मोजून ठेवा. आमची पशुवैद्यकाची मुलं परळहून किंवा घाटापलीकडून शिरवळहून येतात, त्यांच्या दोन रात्रींच्या मुक्कामाला शाळेची खोली किंवा कुणाचा मांगर लागेल. जेवण साधं चालेल.